नऊ मुलांची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. परंतु चिटणीसबाईंनी मला ‘आपल्या शाळा’ हा विषय दिला, आणि चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवलेल्या बाईला या विषयावर नुसते गोड बोलता येत नाही. थोडे कडूही आपण चालवून घ्यावे.

मी १९८४ साली आपल्या वाडीवरच्या शाळेत रुजू झाले तेव्हा पट ५८ होता. आज तो ९ आहे. मग ही मुले गेली कुठे? काही मुंबईस गेली, हे आपण जाणतोच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि आपला सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची घटली. आपली ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. पण त्याहून मोठे कारण असे की पुष्कळशी मुले जन्मासच आली नाहीत. १९९२-९३ च्या पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीला सरासरी तीनच्या आसपास मुले होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. कुटुंब लहान असावे हे आपणच तर घरोघर सांगत होतो! तिसरे कारण रोज सकाळी तिठ्यावर येऊन भोंगा वाजवते. ते म्हणजे इंग्रजी शाळेची पिवळी गाडी. तिच्याविषयी मी शेवटी बोलेन.

आता आपल्या मुलांची हुशारी पाहा. रत्नागिरी व सिंधुदुर्ग मिळून दहावीचे कोकण विभागीय मंडळ झाले. २०१२ साली त्याची पहिली परीक्षा झाली, आणि तेव्हापासून निकालात ते राज्यात पहिले येत आहे. २०२४ साली राज्याचा निकाल शेकडा ९५.८१ आणि कोकणचा ९९.०१! परीक्षेस बसणारी मुले मात्र साऱ्या मंडळांत आपलीच सर्वांत कमी. या मुलांपैकी पुष्कळांनी श्रीगणेशा गिरवला तो अशाच लहान शाळांत.

तरी भगिनींनो, शेकडेवारीने हुरळून जाऊ नये. आमच्या शाळेत तिसरीला एकच मुलगा आहे. त्याला धडा वाचता आला तर वर्गाचा निकाल शेकडा शंभर, अडखळला तर शून्य! लहान शाळेचे मोजमाप आकड्यांनी होत नाही. ते एकेका मुलाजवळ बसून, त्याच्या हाती पुस्तक देऊनच करावे लागते.

लहान शाळेत उणे नाही असे मी म्हणणार नाही. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे. त्यातला एक निवडणुकीच्या नाहीतर बैठकीच्या कामाला गेला की दुसऱ्याच्या जिवाची नुसती तारांबळ. खो-खोला एका बाजूला नऊ गडी लागतात. आमच्या शाळेत एक बाजू कशीबशी पुरी होते. पण मग पाठलाग कोणाचा करायचा?

म्हणूनच २०२३ साली राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार मांडला. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक निघाल्या आणि त्यांत शिकणारी मुले १ लाख ८५ हजार. सोबती मिळतील, शिक्षक मिळतील, ग्रंथालय मिळेल, हे म्हणणे खोटे नाही. पण पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम झाला तो उगाच नव्हे. आषाढात व्हाळ भरून वाहतो तेव्हा सहा वर्षांच्या मुलीला पलीकडे कोण नेणार? गाडी चार दिवस आली नाही तर मुलगा कसाबसा जाईल. मुलीला मात्र ‘राहा घरी, धाकट्याला सांभाळ’ असेच सांगितले जाईल. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आता पिवळ्या गाडीविषयी. १९९८ साली मी पटासाठी घरोघर हिंडत होते. एका माउलीला मी मातृभाषेतून शिकण्याचे महत्त्व चांगले अर्धा तास समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले, पाणी दिले आणि विचारले, “बाई, तुमचो झील खंयच्या शाळेत जाता?”

माझा मुलगा तालुक्याला इंग्रजी शाळेत जात होता. मी पाणी पिऊन उठले. त्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही. जी शाळा मी इतरांच्या मुलांसाठी चांगली म्हणत होते, ती माझ्या मुलाला पुरेशी नाही, असे मीच माझ्या वागण्याने गावाला सांगितले होते. पट घटण्याला मुंबई कारण असेल, लहान कुटुंब कारण असेल. पण त्यात माझाही एक आकडा आहे.

म्हणून मी आज कोणाला ‘मुले याच शाळेत घाला’ असे सांगणार नाही. तो अधिकार मी गमावला आहे. एवढेच मागते की शाळा ओस पडण्याआधी ती एकदा आत जाऊन पाहा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदाच आहे. आपल्याकडे बायकांची नावे असतात, सह्याही असतात. बाई मात्र चुलीपाशी असते. यापुढे सभेला जाऊन बसा. शिक्षक किती दिवस बाहेरच्या कामाला गेले ते विचारा. एकत्रीकरणाचा कागद आला तर गाडी, सोबत आणि पावसाळा यांचे उत्तर लेखी मागा. आणि मंडळातील आपण चौघीजणी आठवड्यातून एक दुपार त्या नऊ मुलांचे वाचन ऐकायला जाऊ या. मी बुधवार घेते. उरलेले वार आपण वाटून घ्यावेत.