कापूस वेचणारा हात आणि रोबोट

आजचा विषय ऐकायला लांबचा आहे. रोबोटवर संशोधन करणाऱ्या तरुण मुलामुलींच्या परिषदेचा. पण तो थेट आपल्या पऱ्हाटीच्या वावरात येतो.

आपल्या देशात ‘ॲडव्हान्सेस इन रोबोटिक्स’ नावाची परिषद दर दोन वर्षांनी भरते. पहिली पुण्यात झाली, ४ ते ६ जुलै २०१३ला. नंतरची गोव्यात, जुलै २०१५मध्ये. मोठे प्राध्यापक तिथे असतातच, पण आपलं काम घेऊन धडधडत्या छातीने उभी राहतात ती पीएच.डी. करणारी पोरं-पोरी. आधी काम लिहून पाठवायचं. जाणकार ते तपासतात, खोट काढतात. पसंत पडलं तरच बोलावणं येतं, मग सगळ्यांसमोर मांडायचं आणि प्रश्न झेलायचे. ग्रामसंघाच्या बैठकीत आपण गटाचा हिशेब असाच उलटसुलट विचारतो ना?

रोबोट म्हणजे सिनेमातला लोखंडी माणूस नव्हे. कॅमेऱ्याने बघून, काय करायचं ते ठरवून हात किंवा चाक हलवणारं यंत्र म्हणजे रोबोट. जगभरात अशा परिषदांमधून शेतीचे रोबोटही मांडले जातात, आणि त्यात कापूस वेचणारा रोबोटही आहे.

अमेरिकेत कापूस मोठ्या यंत्राने काढतात. आधी औषध फवारून पानं गाळतात, मग सगळं शेत एका फेरीत उरकतात. आपल्याकडे ते जमत नाही. आपलं झाड पसरट, आणि बोंडं एकदम फुटत नाहीत. एकाच फांदीवर वर कैरी, खाली फुटलेलं बोंड. म्हणून दोन-तीन वेचण्या. रोबोटला उन्हात पांढरं बोंड ओळखायचं, पानाआड लपलेलं शोधायचं, कैरीला धक्का लागू द्यायचा नाही आणि वाळलेला पाला कापसात येऊ द्यायचा नाही. आपण ओटी बांधून, बोलता बोलता दोन्ही हातांनी करतो ते! कवडी वेगळी काढतो, दव असेल तर थांबतो. हे शिकवायला शिकलेल्या माणसांना वर्षं लागतात. माझ्या मते या कामाला अकुशल म्हणणंच चूक आहे.

पण म्हणून निर्धास्त राहू नका. आज जमत नाही ते उद्या जमेल. वेचणी किलोवर आहे आणि ती बायांच्या हातात आहे. वावर मात्र बहुतेकींच्या नावावर नाही. यंत्र आलं तर ते वावरवाला घेईल. मजुरी कोणाची जाईल?

ड्रोनचं उदाहरण घ्या. केंद्राने २०२३मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. देशभरात १५,००० बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. म्हणजे यंत्र गटाच्या मालकीचं, भाडं गटाला. बॅटरी, दुरुस्ती, गिऱ्हाईक यांची कटकट आहेच, पण मालकी कुठे ठेवायची हे तिथे आधी ठरलं. वेचणीच्या यंत्राबाबतही ते यंत्र येण्याआधीच बोलायला हवं.

आणि संशोधकाला प्रश्न कोण देतं? तो पवईत किंवा पुण्यात बसून ‘बोंड कसं तोडायचं’ एवढंच विचारतो. ओझं वाहणं, दिवसभर वाकणं, काट्यावरचं वजन यावर यंत्र कर, असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मला तर कापूस वेचून देणाऱ्या यंत्रापेक्षा बांधापर्यंत गाठोडं नेणारी गाडी आधी हवी.

तुमच्या गटातल्या कोणाची मुलगी धुळ्याला किंवा जळगावला इंजिनिअरिंगला असेल, तर तिला आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ स्पर्धेबद्दल कॉलेजात विचारायला सांगा. विद्यार्थी तिथे रोबोट बनवायला शिकतात. आणि दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली की एक दिवस ओटी बांधून वेचणीला न्या. घड्याळ आणि वही सोबत द्या. किती वेळा वाकलो, गाठोडं किती लांब नेलं, ते तिने लिहू द्या.