कासवाच्या पिल्लाचं कॅल्शियम

अंबरनाथच्या आनंदनगरात कुणाच्या फिशटँकमध्ये लाल कानपट्टीच्या परदेशी कासवाचं पिल्लू असेल, तर त्याचं कवच हलक्या बोटानं तपासा. वाढत्या वयात कॅल्शियम कमी पडलं की कवच मऊ, वेडंवाकडं होतं. पाण्यात समुद्रफेनाचा तुकडा ठेवा; पिल्लू तो कुरतडतं. पण ते कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, म्हणजे ऊन हवं. तेही खिडकीच्या काचेतून नव्हे; लागणारे अतिनील किरण काच अडवते. जवळ सावलीही असू द्या. कॅल्शियमची पावडर किती द्यायची, ते पशुवैद्यकांनाच विचारा. आणि पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलं स्टार कासव मात्र पाळूच नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. कुठे विकताना दिसलं, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.