खरा कौल कसा घ्यावा?

(मंडळाच्या वार्षिक सभेत, बेळगाव येथे झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळाने यंदा आपल्या सभासद कुटुंबांचे सर्वेक्षण करायचे ठरवले आहे. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा कार्यकारिणीने तयार केला आहे आणि संख्याशास्त्राच्या बाजूने त्यावर चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना झाली. मसुद्यातला सातवा प्रश्न असा आहे : “२०२३ च्या विधानसभा निवडणुकीत आपण समितीच्या उमेदवाराला मत दिले होते का?” माझे आजचे सगळे बोलणे या एका प्रश्नाबद्दल आहे.

हा प्रश्न असाच्या असा घेऊन आपले कार्यकर्ते घरोघर गेले, तर काय उत्तर येईल हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. विचारणारा गल्लीतलाच. त्याच्या आजोबांनी आणि आपल्या आजोबांनी सीमालढ्यात बरोबर लाठ्या खाल्लेल्या. सोप्यात वडीलधारी बसलेली, आतून सून ऐकते आहे. अशा वेळी “नाही हो, मी दुसऱ्या पक्षाला दिले” असे कोण म्हणेल? त्याच गल्लीत सरकारी नोकरीत असलेला एखादा असतो, कंत्राटे घेणारा असतो. त्याने समितीलाच मत दिलेले असते, पण तो ते कागदावर येऊ देणार नाही. एकाला आपल्यांची भीड, दुसऱ्याला सरकारची भीती. दोघेही खोटारडे नाहीत. दोघेही आपले घर सांभाळत आहेत.

पण आपल्या हाती येणारा आकडा मात्र खोटा असतो आणि त्या आकड्यावर आपण निर्णय घेतो. २०१३ साली समितीचे दोन आमदार निवडून आले. २०१८ साली एकही नाही. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली, तेव्हा आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २०२३ च्या विधानसभेला पुन्हा शून्य. या चढउताराची कारणे आपण दहा वर्षे चहाच्या टपरीवर चघळत आहोत. कुणी म्हणतो फूट, कुणी म्हणतो पैसा, कुणी म्हणतो तरुणांना सीमाप्रश्न जवळचा वाटत नाही. यातले खरे कोणते, आणि कोणत्या वयाच्या, कोणत्या भागातल्या माणसाच्या बाबतीत खरे? मतमोजणी हे सांगत नाही. ते माणसांना विचारावेच लागते, आणि विचारले की भीड आडवी येते.

कायद्याने मतदाराला संरक्षण दिले आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९४ सांगते की, कुणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणत्याही साक्षीदारावर करता येत नाही. मतदानकक्षाला आडोसा असतो तो त्यासाठीच. सर्वेक्षणात असा आडोसा नसतो. “नाव लिहिणार नाही” एवढे सांगून भागत नाही, कारण विचारणाऱ्याने तोंड पाहिलेले असते. मग तो आडोसा कुठून आणायचा?

याचे उत्तर १९६५ साली स्टॅन्ले वॉर्नर या अमेरिकन अभ्यासकाने दिले. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा एक छोटा लेख आला. कल्पना अगदी साधी होती : उत्तर देणाऱ्याच्या हाती नशिबाचे एक साधन द्यायचे, आणि त्या साधनाने काय कौल दिला हे विचारणाऱ्याला कधीच कळू द्यायचे नाही. वॉर्नर यांनी फिरत्या काट्याची चकती सुचवली होती. पुढे याच कल्पनेची अनेक रूपे निघाली. आपल्या देशातही यावर भरीव काम झाले आहे. अरिजित चौधुरी आणि राहुल मुखर्जी या भारतीय संख्याशास्त्रज्ञांचा या विषयावरचा ग्रंथ १९८८ सालचा आहे. आपल्यासाठी सर्वांत सोयीचे रूप फाशाचे. लूडोचा फासा प्रत्येक घरात असतोच.

पद्धत अशी. प्रश्न थोडा बदलायचा : “२०२३ च्या विधानसभेला समिती सोडून दुसऱ्या उमेदवाराला मत दिलेत का?” कार्यकर्ता म्हणेल, “वहिनी, हा फासा पेल्यात घालून हलवा. आकडा तुम्हीच बघा, मला दाखवू नका. एक पडला तर काहीही असो, ‘नाही’ म्हणा. सहा पडले तर काहीही असो, ‘होय’ म्हणा. दोन, तीन, चार किंवा पाच पडले तरच खरे उत्तर द्या.” वहिनी म्हणतात, “होय.” कार्यकर्ता “होय” लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वहिनींनी खरेच दुसऱ्याला मत दिले की सहा पडले म्हणून त्या “होय” म्हणाल्या, हे त्याला कळत नाही. उद्या त्याच्यावर कुणी दबाव आणला तरी तो सांगू शकणार नाही, कारण ते त्याला माहीतच नाही. एकच्या आकड्याने “नाही” म्हणणाऱ्यालाही तसाच आडोसा मिळतो. भीती दोन्ही बाजूंनी असल्यामुळे आपल्या भागात तो फार गरजेचा आहे.

आता कुणीही विचारील, उत्तरांत अशी भेसळ केल्यावर खरे काय ते कसे निघणार? फाशाचा गुण इथे कामाला येतो. एका माणसाला काय पडेल हे कुणी सांगू शकत नाही, पण तीनशे माणसांना मिळून काय पडेल हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते. तीनशे घरांत सुमारे पन्नास जणांना सहा पडतील, पन्नास जणांना एक आणि दोनशे जण खरे उत्तर देतील.

समजा, तीनशे घरांतून ११८ “होय” आले. हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. त्यातले पन्नास फाशाचे म्हणून वजा करा. उरले ६८. ते दोनशे खऱ्या उत्तरांपैकी. म्हणजे दर शंभरी ३४ जणांनी दुसऱ्याला मत दिले. चौथीतल्या मुलाला जमेल असा हिशेब आहे. कुणाचेही गुपित न फोडता सगळ्यांचे मिळून सत्य हाती आले.

या आडोशाची किंमतही मी लपवत नाही. थेट विचारले आणि सगळे खरे बोलले, तर तीनशे घरांच्या पाहणीत अशा आकड्यात साधारण साडेपाच टक्के इकडेतिकडे होते. फाशाने विचारले तर साडेआठ टक्के. कारण सहा बरोबर पन्नास वेळाच पडतील असे नाही, ३७ वेळा पडतील किंवा ६३ वेळाही पडतील. तेवढाच नेमकेपणा हवा असेल तर तीनशेऐवजी सव्वासातशे घरे घ्यावी लागतील. म्हणजे जास्त कार्यकर्ते आणि जास्त रविवार. पण थेट प्रश्नाला सगळे खरे बोलतील हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. खोटी उत्तरे कितीही घरांतून आणली तरी त्यांची बेरीज खोटीच राहते. फाशाची चूक मात्र घरे वाढवली की कमी होते.

दुसरी मर्यादा. आडोसा पूर्ण नाही. वरच्या उदाहरणात “होय” म्हणणाऱ्या ११८ जणांत सुमारे ३३ जण असे असतील, की ज्यांनी समितीलाच मत दिले होते आणि केवळ सहा पडले म्हणून ते “होय” म्हणाले. उरलेल्या ८५ जणांबद्दलचा संशय खरा आहे. म्हणजे “होय” म्हणणाऱ्यावर संशय राहतो, पण कुणावरही ठपका सिद्ध होत नाही. तिसरी मर्यादा माणसाच्या स्वभावाची. काही जणांना सहा पडूनही तोंडातून “होय” निघत नाही. फाशाच्या सांगण्यावरूनसुद्धा त्यांना तो शब्द जड जातो. त्यामुळे या पद्धतीने येणारा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा थोडा कमीच असतो. तो किमान आकडा समजावा.

एवढे करून हे खरेच चालते का? अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०११ साली गर्भपाताशी संबंधित एका घटनादुरुस्तीवर सार्वमत झाले. धर्मनिष्ठ समाज आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर, त्यामुळे “मी विरोधात मत दिले” असे उघड सांगणे अवघड. प्रत्यक्षात सुमारे ५८ टक्के लोकांनी ती दुरुस्ती फेटाळली. नंतर अभ्यासकांनी त्याच मतदारांना वेगवेगळ्या पद्धतींनी विचारले आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. थेट विचारले तेव्हा विरोधाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी आले. नशिबाच्या साधनाची पद्धत खऱ्या निकालाच्या सर्वांत जवळ गेली. खरे उत्तर आधीच माहीत असताना घेतलेली ही परीक्षा आहे, म्हणून तिला मी मोल देतो. ही जुनाट युक्ती आहे असेही कुणी समजू नये. २०१४ साली गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून वापराची माहिती गोळा करताना याच तत्त्वाचा आधार घेतला होता.

सभेपूर्वी एका ज्येष्ठांनी मला विचारले, “एवढा खटाटोप कशाला? गल्लीत एक बंद पेटी फिरवा, चिठ्ठ्या टाका म्हणावं.” सूचना चांगली आहे, पण दोन अडचणी आहेत. पेटीतल्या चिठ्ठीवर वय, शिक्षण, भाग लिहिला तर पंचवीस घरांच्या गल्लीत माणूस लगेच ओळखू येतो. आणि लिहिला नाही, तर तरुण काय म्हणतात आणि वृद्ध काय म्हणतात हे कळत नाही, आणि नेमके तेच आपल्याला हवे आहे. दुसरे म्हणजे लहान पेटी स्वतःच चहाडी करते. मतदान यंत्रांच्या बाबतीत आपण हे अनुभवतोच. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळण्याची सोय निवडणूक नियमांत होती. यंत्रांमुळे केंद्रनिहाय आकडे बाहेर येतात आणि कोणत्या वस्तीने कुणाला हात दिला हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होते. मग गटाराचे काम आणि रस्त्याचे डांबर त्या हिशेबाने येते किंवा येत नाही. हे टाळण्यासाठी अनेक यंत्रांची मते एकत्र मोजावीत, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात केली होती. तत्त्व तेच. माणसाला गर्दीत मिसळू द्या, म्हणजे तो खरे बोलेल.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी चार सूचना ठेवतो.

पहिली, सातवा प्रश्न फाशानेच विचारावा. त्याआधी एक निरुपद्रवी प्रश्न घ्यावा, “आज सकाळी चहा घेतलात का?” असा, म्हणजे घरच्यांना रीत कळेल. सहा पडल्यावर चहा न पिणाऱ्या आजीने “होय” म्हटले की घर हसते आणि मुद्दा समजतो.

दुसरी, कार्यकर्ता त्या गल्लीतला नसावा. शहापूरचा वडगावला जावा, वडगावचा शहापूरला. फासा घरातलाच वापरावा, म्हणजे “तुमच्या फाशात काही खोट आहे” असे कुणाला वाटणार नाही.

तिसरी, निकाल गल्लीवार काढू नयेत. वयोगट आणि मोठे विभाग एवढेच पुरे. पन्नास घरांच्या आतला कोणताही आकडा कार्यकारिणीलासुद्धा दाखवू नये.

चौथी सूचना सर्वांत अवघड आहे आणि तिला गणिताची गरज नाही. सर्वेक्षण सुरू होण्यापूर्वीच मंडळाने ठराव करावा की, निकाल काहीही आला तरी तो जसाच्या तसा या वार्तापत्रात छापला जाईल. समजा, पस्तिशीच्या आतली निम्मी मुले दुसरीकडे मत देतात असे निघाले. तर ते आपण फितुरी म्हणून वाचणार आहोत, की आपल्या नातवंडांनी आपल्याशी मोकळेपणाने बोललेले पहिले वाक्य म्हणून? याचे उत्तर सभासदांना आधी कळले पाहिजे. नाही तर फासा कितीही हलवला तरी माणूस तोंड उघडणार नाही.

सीमाप्रश्नाची बाजू न्यायालयात वकील मांडतील. पण आपली माणसे काय म्हणतात हे जाणून घेण्याचे काम आपलेच आहे. आजवर आपण एकमेकांना ऐकायला आवडेल तेच सांगत आलो. कुणी काय म्हटले हे जाणण्याचा हट्ट सोडला, तर सगळे मिळून काय म्हणतात ते आपल्याला कळेल. ठरावाचा मसुदा मी सचिवांकडे दिला आहे. तो आजच मंजूर करावा, अशी विनंती करून मी थांबतो.