मॉन्तोने: डोंगरावरचं गाव आणि आपला यशवंत

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथून ऐकत असाल तिथून आज माझ्याबरोबर इटलीला चला.

मध्य इटलीत उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगराच्या माथ्यावर मॉन्तोने नावाचं छोटं गाव आहे. भोवती जुना तट, आत दगडी घरं आणि अरुंद चढउताराच्या गल्ल्या. आपल्या एखाद्या गडावरच्या वस्तीची आठवण यावी असं. या गावाचा जुना वीर म्हणजे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो. जन्म १३६८, पेशानं भाडोत्री सैन्याचा सरदार. १४१६ मध्ये त्यानं थेट पेरुजा शहर जिंकलं आणि १४२४ मध्ये लाक्विलाच्या लढाईत तो पडला.

पण या गावानं आणखी एका शिपायाला आपलं मानलंय. तो रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा.

जुलै १९४४. जर्मन फौजा उत्तरेकडे हटत होत्या, पण प्रत्येक टेकडी लढवून. दहाव्या भारतीय डिव्हिजनमधली ३/५ मराठा पलटण या खोऱ्यात पुढे सरकत होती. १० जुलैला नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. सेक्शन कमांडर घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकून मशिनगन आणि ती चालवणारा गप्प केला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं संपवलं. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हीच पलटण पुढे २ पॅरा झाली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला उतरली.

आता माझी चूक सांगतो. नोकरीत असताना ही हकीकत मी जवानांना कितीदा तरी सांगितली. आवाज चढवून सांगायचो. ठिकाण मात्र ‘इटली’ एवढंच. कुठली टेकडी, कुठलं गाव, मी कधी शोधलं नाही. आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न, त्यांना ठेवलं कुठे, तो तर मनातही आला नाही.

उत्तर असं की त्यांची कबर वा समाधी ज्ञात नाही. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचं एक. घरी पदक आलं, माणूस आला नाही.

जुलै २०२३ मध्ये मॉन्तोनेच्या नगरपालिकेनं आणि इटलीच्या लष्करी इतिहासप्रेमींनी घाडगे यांच्या नावानं तिथे स्मारक उभारलं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. परक्या गावानं आपल्या पोराचं नाव ऐंशी वर्षांनी दगडावर आणलं.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना आपण तिथे चहाला थांबतो. पुढच्या वेळी चहा झाल्यावर दहा मिनिटं काढा. मुलांना बरोबर न्या, आणि त्यांना नुसतं ‘इटली’ सांगू नका. मॉन्तोने सांगा.

जय हिंद.