चाकाची पारख



निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदीचा घाट लागतो. तेथे उतारावर, वळणावर आणि भरल्या गाडीत सारा भरवसा चार चाकांवर असतो. इंजिन बिघडले तर गाडी थांबते. चाक भंगले तर ती थांबवणे माणसाच्या हाती राहत नाही. म्हणूनच नामांकित कंपनीचे खोटे चिन्ह लावून विकले जाणारे चाक ही केवळ पैशाची फसवणूक नसून जिवाशी खेळ आहे.

हा धोका मिश्रधातूच्या, म्हणजे बाजारात ज्यांना 'अ‍ॅलॉय' म्हणतात त्या चाकांत अधिक असतो. उद्यमबागेतील ओतशाळांमुळे ओतकाम या भागाला परके नाही. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या ओतीव वस्तूच्या पोटात पोकळी असू शकते, हे तेथील कामगार जाणतो. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन वायू शोषून घेते. धातू गोठताना तो वायू सुटतो आणि सूक्ष्म छिद्रे मागे राहतात. यासाठी चांगल्या कारखान्यात रसातील वायू काढतात, चाकाला उष्णतेचे संस्कार देतात व क्ष-किरणांनी ते तपासतात. शिवाय नमुन्याच्या चाकांवर वळणाचा ताण, भारासह दीर्घकाळ फिरणे आणि आघात अशा तीन कसोट्या लावतात. नक्कल करणारा आकार व रंग तेवढे उचलतो आणि हा सारा खर्च टाळतो. त्याच्या स्वस्ताईचे मूळ येथे आहे.

मग ग्राहकाने काय पाहावे?

प्रथम चाक उलटे करावे. मागील बाजूस निर्मात्याचे चिन्ह, माप, भाग क्रमांक व ओतल्याची तारीख असते. अस्सल चाकावर ही अक्षरे रेखीव व ठसठशीत उमटतात; बनावट चाकावर ती पुसट, वेडीवाकडी किंवा नुसती चिकटवलेली आढळतात. आपल्या गाडीच्या मूळ चाकाशी प्रत्येक खूण ताडून पाहावी. मोटार कंपन्या चाके पुष्कळदा दुसऱ्या कारखान्याकडून घेतात. म्हणून निर्मात्याचे नाव वेगळे दिसले एवढ्यावरून चाक खोटे ठरत नाही.

दुसरे, आयएसआय चिन्ह असल्यास त्यासोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल सुविधेवर तपासावा. मोटारगाडीच्या चाकांसाठी आयएस ९४३६ हे भारतीय मानक आहे.

तिसरे, चाकाचे मधले छिद्र आणि नटांच्या बैठका गाडीशी नेमक्या जुळल्या पाहिजेत. त्या न जुळल्यास गाडी थरथरते व नट सैल होतात. ताज्या रंगाखाली झाळकामाची किंवा घासल्याची खूण दिसली, तर डागडुजी केलेले जुने चाक नवे म्हणून विकले जात आहे, असे समजावे.

तथापि आतील दोष डोळ्यांना दिसत नाही. यास्तव अधिकृत विक्रेता आणि भाग क्रमांक लिहिलेले पक्के बिल हाच खरा आधार होय. "बिल नको असेल तर कमी करतो," हे वाक्य ऐकताच ग्राहकाने सावध व्हावे.

सीमाभागात खरेदी कोल्हापुरात आणि वास्तव्य निपाणीत, असे नेहमीच घडते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे निपाणीच्या रहिवाशाला कोल्हापूरला खेटे घालण्याचे कारण नाही, बेळगाव पुरे. तक्रारीची मुदत दोन वर्षे असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास व तसा माल विकणाऱ्यास व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

संशयित चाक गाडीवरून तत्काळ उतरवावे. मात्र ते भंगारात देऊ नये अथवा विकू नये. निकाल लागेपर्यंत तो पुरावा आहे, आणि विकल्यास तेच चाक उद्या शेजाऱ्याच्या गाडीखाली फिरू लागेल.