बोर्ड येण्याआधीचा पडदा



आज मला एकाच गोष्टीचा आग्रह धरायचा आहे. बोर्ड हातात येईपर्यंत डिस्प्ले ड्रायव्हरचे काम अडवून ठेवण्याची आपली सवय मोडली पाहिजे. पॅनेल वाटेत असते आणि सॉफ्टवेअरची मंडळी ‘हार्डवेअर आलं की बघू’ म्हणत थांबतात. मग सगळे एकदमच अंगावर येते. पडदा नुसता पांढरा दिसला, तर दोष सोल्डरिंगचा, केबलचा की कोडचा, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

आपल्या नाशिकशेजारी ओझरला, एचएएलच्या कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस एमके-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी झेपावले. मूळ तेजसचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ चे. त्याआधी त्याच्या उड्डाण-नियंत्रणाची परीक्षा जमिनीवर, ‘आयर्न बर्ड’ या चाचणी-सांगाड्यावर झाली होती. हीच शिस्त आपण मीटरच्या आणि पंपाच्या पॅनेललाही का लावू नये?

ड्रायव्हरचे दोन थर करा. वरचा चित्र रंगवतो, खालचा एसपीआयवरून बाइट पाठवतो. खालच्याच्या जागी संगणकावर एक नकली कंट्रोलर बसवा. आयएलआय ९३४१ सारख्या कंट्रोलरला आधी स्तंभांची मर्यादा सांगावी लागते, मग ओळींची, मग पिक्सेल ओतायचे. नकली कंट्रोलरने एवढ्या आज्ञा ओळखल्या आणि पिक्सेल मेमरीत ठेवले, की त्याचे चित्र फाइलमध्ये उतरवता येते आणि पसंत केलेल्या नमुन्याशी ताडून पाहता येते. शेवटच्या स्तंभावर एक उभी रेघ काढून बघा. मर्यादा एकाने चुकली असेल तर ती रेघ नाहीशी होईल किंवा डावीकडे उगवेल. १६ बिटांच्या रंगात दोन बाइटचा क्रम उलटला, तर लाल चौकोन निळा दिसेल. लिनक्समध्ये २०१८ पासून व्हीकेएमएस नावाचा आभासी डिस्प्ले ड्रायव्हर याच विचाराने आहे.

काही गोष्टींना तर संगणकही लागत नाही. ३२० गुणिले २४० पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट. एसपीआय १० मेगाहर्ट्झवर चालवली तर पूर्ण पडदा भरायला सुमारे ०.१२ सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ चित्रे. ग्राहकाला सरकता आलेख कबूल करण्याआधी हा हिशेब मांडलेला असावा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आपल्या चाचण्यांत इंग्रजी अक्षरे आणि आकडेच असतात. ‘नाशिक’ लिहून बघा. मेमरीत वेलांटी ‘श’च्या नंतर येते, पडद्यावर ती आधी दिसली पाहिजे. ‘त्र्यंबकेश्वर’ आणि ‘दुसऱ्या’ लिहा, म्हणजे जोडाक्षरांची खरी कसोटी लागेल. अक्षरजुळणीचे हे काम काटेकोरपणे ड्रायव्हरचे नाही, हे मान्य. पण रोमन अक्षरांच्या उंचीने आखलेल्या चौकटीत वरची मात्रा आणि खालचा उकार छाटला जातो, तेव्हा शेतकऱ्याला वाचता न येणारा पडदाच मिळतो. हा दोष बोर्डाविना, पहिल्याच दिवशी पकडता येतो.

बोर्डाचे काम बोर्डालाच करावे लागेल. पॅनेल झोपेतून उठवल्यावर डेटाशीटमधली मिलिसेकंदांची वाट ड्रायव्हर पाहतो का, हे नकली कंट्रोलर नोंदवेल. वीजपुरवठ्यातला गोंगाट, ढिली रिबन केबल, भर उन्हात पडद्याची वाचनीयता हे मात्र त्याला कळणार नाही. म्हणूनच खऱ्या बोर्डाचा मोलाचा वेळ बाइटचा क्रम शोधण्यात जाता कामा नये.

इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि कारखान्यांनी मिळून मराठी चाचणी-शब्दांची आणि नमुना-चित्रांची एक खुली यादी तयार करावी, असे मी सुचवतो. प्रत्येकाने आपल्या कामात अडखळलेला एक तरी शब्द त्यात घालावा. दुपारच्या सत्रात याच यादीपासून सुरुवात करू.