वेचणीच्या दिवसांत लेकरू कोणाकडे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा उत्पादनखर्च काढताना आपण बियाणे, खत, फवारणी, वेचणी, सगळे मांडतो. एक खर्च मात्र राहतो. माय वेचणीला गेली की तीन वर्षांचे लेकरू सांभाळते कोण? घरातली आठ-दहा वर्षांची पोर. शाळा तिची बुडते. खर्च पऱ्हाटीचा आणि नावे पडतो पोरीच्या. १९८६ साली चांदवडच्या महिला अधिवेशनात आपण बाईच्या कष्टांचा हिशेब मागितला. त्याच वहीतले हे पान आहे.

तालुक्याच्या गावी आज दोन वाटा दिसतात. एक फी घेणारी नर्सरी, दुसरी अंगणवाडी. अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणून आपणच नाव ठेवतो. पण तिचे मूळ आपल्याच मातीत आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघांच्या साथीने पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. पोर शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला निघाली.

आम्ही सरकारी योजनांचे भाट नाही. पण काड्यापेटीपासून डिझेलपर्यंत कर आपण भरतो, आणि इथे मागतो ते कायद्यातले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. १३ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणीपासून तीन महिन्यांत ती द्यावी. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यात सक्ती सहाव्या वर्षापासून. तीन ते सहा वर्षांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’, एवढेच. त्या ‘शकेल’मध्येच आपली पोरे अडकली आहेत. त्याच कायद्यात विनाअनुदानित शाळेच्या पूर्वप्राथमिक वर्गालाही २५ टक्के राखीव जागा लागू आहेत.

आणखी एक अडचण आहे. अंगणवाडी काही तासांत सुटते, वेचणी दिवस मावळेपर्यंत चालते. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’त अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. ते आपल्याकडे हंगामापूर्वी उघडले पाहिजे. मात्र ते ताईच्या तुटपुंज्या मानधनावर लादू नका. जादा तासांचे दाम तिलाही मिळाले पाहिजेत. घामाचा हिशेब मागणाऱ्यांनी दुसऱ्याचा घाम फुकट धरू नये.

तेव्हा घरी गेल्यावर तीन कामे करा. वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करा. जवळच्या अंगणवाडीत त्यांची नावे आहेत का, ते पाहा. नसतील, किंवा अंगणवाडीच नसेल, तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी मागणीला तारीख नसते. तीन महिने मोजायचे, तर पोचेवर तारीख हवी.

पुढच्या बैठकीला येताना कापसाच्या हिशेबासोबत ही यादीही आणा.